आत जाऊन बघून येतो

डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायचा बाक खोलीच्या दारापासून फार लांब होता. कॅम्पातलं, म्हणजे लष्करी छावणीतलं, जुनं कौलारू घर, पुढं लांबलचक व्हरांडा. त्याच्या या टोकाला बाक आणि त्या टोकाला डॉक्टरांची खोली. मधे काही नाही. नुसती लाल फरशी, आणि थंडीच्या दिवसांत तिच्यावर सकाळी उशिरापर्यंत रेंगाळणारं धुकं. नवखा माणूस बाक दाराजवळ ओढायला जायचा. मग डॉक्टर स्वतः बाहेर यायचे, त्या माणसाला हाताला धरून उठवायचे आणि बाक पुन्हा लांब नेऊन ठेवायचे. नाव पुकारायला कुणी नव्हतं. दार उघडून ते उभे राहायचे, "या" म्हणायचे आणि समोरचा चालत येईपर्यंत तसेच उभे असायचे.

ते चालणं हाच त्यांचा पहिला प्रश्न आहे, हे मला फार उशिरा कळलं. माणूस बाकावरून कसा उठतो, हात हलतात की नुसते लोंबतात, मधेच कुठं थांबतो, बाहेरच्या पेरूच्या झाडाकडं एकदा तरी बघतो का. "पाय आधी सांगतात," ते म्हणायचे. "तोंड मागनं येतं, आणि येताना जरा नटून येतं."

डॉक्टरांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसतो तेव्हा ते एकदम समोर येत नाहीत. आधी तो व्हरांडा येतो, मग चुकीच्या बटनात अडकवलेला करडा स्वेटर, मग खोलीतला तो हिरवट उजेड. दिवसा ते दिवा लावत नसत. खिडकीला बाहेरून वेल चढलेला होता आणि त्याच्या पानांतनं जे काय गाळून येईल तेवढ्यात सगळं चालायचं. त्या उजेडात बसलं की पाण्याखाली बसल्यासारखं वाटे. कुणी मोठ्यानं बोलत नसे.

माझी त्यांची ओळख शब्दांवरून झाली. मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. एका दुपारी, परीक्षा संपून ग्रंथालय अगदी रिकामं झालेलं असताना, हे गृहस्थ लख्ख उन्हाच्या दिवशी काखेत छत्री मारून आले आणि किराणा दुकानात विचारावं तसं म्हणाले, "‘स्वारस्य’ आहे माझ्याकडे. त्याच्यापेक्षा साधं काही मिळेल का?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांनी खिशातनं घडी घातलेला कागद काढला. नैराश्याचा आजार किती खोल गेला आहे हे मोजायला डॉक्टर मंडळी एक प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न. झोप, भूक, थकवा, लक्ष, असे. गेल्या पंधरा दिवसांत हा त्रास किती झाला, याला शून्यापासून तीनपर्यंत आकडा, आणि शेवटी बेरीज. बेरीज चढली तर आजार चढला, उतरली तर उतरला. डॉक्टरांजवळची प्रत मराठीतच होती, पण ते मराठी कुणीतरी फार उंचावर बसून केलेलं होतं. पहिलाच प्रश्न विचारत होता की आपणांस दैनंदिन गोष्टींमध्ये स्वारस्य वाटते का.

"उचगावच्या एका शेतकऱ्याला हे विचारलं," डॉक्टर म्हणाले. "त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, ‘डाक्टर, भात हाय, रताळी हाईत, मिरची हाय. ह्ये मातूर आमच्याकडं पिकत न्हाय.’"

ते स्वतः हसले नाहीत. उलट फार गंभीर होते. "त्याला विनोद सुचला म्हणून मी एक आकडा कमी लावला," ते म्हणाले. "पण बाकी सगळं चुकलं."

मग अशा पुष्कळ दुपारी गेल्या. मी शब्द सुचवायचे आणि त्यांनी नाकारायचे. "हे तुमच्या कपाटातलं आहे. मला चुलीपाशी चालणारं पाहिजे." स्वारस्याच्या जागी शेवटी ‘मन लागणं’ आलं. कशात मन लागतं का? एवढंच. थकव्यासाठी ‘अंगातलं बळ गेल्यागत’. आपण अपयशी आहोत असं वाटतं का, या प्रश्नावर आम्ही पंधरवडा घालवला. गावाकडची बाई स्वतःला अपयशी कधी म्हणायची? डॉक्टर खिडकीशी उभे राहिले, परत आले, आणि म्हणाले, "घराला आपला भार झालाय, असं वाटतं का?" शेवटचा प्रश्न मरणाबद्दलचा होता. तो त्यांनी मला करू दिला नाही. "तो मी तोंडानं विचारतो. जगणं नकोसं होतं का, जीव द्यावा असं मनात येतं का. आडवळणानं विचारलं की माणूस आडवळणानं निसटतो."

छापील कागद मात्र त्यांनी कधी बदलला नाही. शब्द हलवले की माप हलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कागद तसाच ठेवायचा, आमचे शब्द समजावून सांगायला वापरायचे. उत्तरांच्या चार पायऱ्यांनाही त्यांनी घरगुती नावं दिली होती: कधीच नाही, मधनं मधनं, बरेच दिवस, रोजच.

ते मूळचे निपाणीचे. घरात तंबाखूचा व्यवहार, आणि यांना तंबाखूच्या वासानं शिंका. "मला घरातनं शिंकांनी हाकललं," असं सांगायचे. निपाणीहून त्यांच्याकडं एक विडी वळणारी बाई येत असे. कागदावर तिची बेरीज कधी फारशी चढत नसे. मग एकदा डॉक्टरांनी तिला विचारलं की विड्या कशा काय चालल्यात. ती म्हणाली, सैल व्हायला लागल्यात. कारखानदार निम्म्या छाट म्हणून बाजूला टाकतो, त्यांची मजुरी देत नाही. हात तेच, पान तेच, पण आवळायचं बळ बोटांत उरत नाही. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि त्या दिवशी औषध वाढवलं. पुढं ती आली की आधी पिशवीतनं एक विडी काढून टेबलावर ठेवायची. डॉक्टर ती शिंका देत देत दोन बोटांत फिरवून बघायचे.

भाषेचंही त्यांचं एक शास्त्र होतं. नवीन माणूस बसला की ते विचारत, "लहानपणी आईनं शिव्या कुठल्या भाषेत दिल्या?" माणूस चमकायचा, मग हसायचा. मराठी म्हणाला तर मराठी, कन्नड म्हणाला तर "ऊट आयतेनु?", म्हणजे जेवण झालं का, इथपासून सुरुवात. आमच्या भागात भाषा हा नाजूक विषय. एकदा दोघेजण बाकावरच वाद घालायला लागले. डॉक्टर दारातनं म्हणाले, "ते चपलांपाशी ठेवा. जाताना परत मिळेल." आणि खरंच, जाताना दोघांनीही पायरीवर चपला घालताना वाद तिथूनच पुढं सुरू केला. डॉक्टर खुशीत होते. भांडायला ताकद लागते, म्हणाले.

गावात मात्र त्यांची ख्याती गर्विष्ठ म्हणून होती. रस्त्यात ते कुणाला ओळख देत नसत. समोरून माणूस येताना दिसला की ते आभाळाकडं बघू लागत, जणू तिथं काहीतरी लिहिलेलं आहे. लग्नाच्या पंगतीत ताटाकडं बघत जेवत. मी एकदा बोललो, तेव्हा ते म्हणाले, "मी नमस्कार केला की समोरच्याची बायको त्याला विचारते, हे तुम्हाला कुठं भेटले? मग त्या माणसानं काय सांगायचं?" म्हणून त्यांनी सगळ्यांनाच न ओळखण्याचं ठरवलं होतं. जे कधी त्यांच्याकडं गेले नव्हते त्यांनाही. नाहीतर फरक कळला असता.

माझी आक्काही यावरून त्यांच्यावर रुसली होती. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण. बेळगुंदीत दिलेली. भात, रताळी, दोन म्हशी. मुलगी पुण्यात नोकरीला, दाजी सरळ माणूस. काही कमी नव्हतं, आणि तेच सगळ्यांत अवघड झालं. तीन पावसाळ्यांपूर्वी आक्का हळूहळू गप्प होत गेली. भांडण नाही, ताप नाही. मी गेलो की ती चहा ठेवायची आणि चुलीसमोर बसून राहायची, आणि चहा उतू जायचा. आधी विसराळूपणा वाटला. मग एकदा मी पाहिलं की ती उतू जाणाऱ्या चहाकडं बघते आहे, तिला तो दिसतो आहे, पण हात पुढं जात नाही.

दाजी म्हणत होते, "तिला काय कमी हाय सांगा की. कोन बोललंय का तिला? म्या तर जोरात हाक बी मारत न्हाय."

मी तिला कॅम्पात घेऊन गेलो. व्हरांड्यातनं ती चालत गेली तेव्हा मी बाकावर बसलो होतो. मागून बघताना ती मला माझ्या बहिणीसारखी वाटली नाही. धुक्यात कुणीतरी ओझं वाहून नेतंय आणि ओझं दिसत नाही, असं काहीतरी. बेरीज बावीस आली. सत्तावीसपैकी बावीस. आत दाजींनी पुन्हा कारण विचारलं. डॉक्टर म्हणाले, "विहीर आटली की तुम्ही कारण शोधत बसता, की आधी टँकर बोलावता?"

औषध सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी आम्ही जायचो. आक्का पदराला हात पुसून खुर्चीत बसायची, डॉक्टर विचारायचे, मी तयार केलेले शब्द त्यांच्या तोंडून माझ्या बहिणीपर्यंत पोचताना ऐकायचो. कशात मन लागतं का? झोप? भूक? आणि आक्का सांगायची, "आता लई फरक हाय, डाक्टर." बेरीज सतरावर आली, मग बारा, मग आठ, मग चार. दर खेपेला ती पिशवीभर रताळी घेऊन जायची, धुतलेली, निवडलेली, एकसारखी. दाजींनी देवाला नारळ फोडला. मी पुण्याला भाचीला फोन करून सांगितलं की तुझी आई चारवर आली.

त्या चारच्या आकड्यावर डॉक्टर बराच वेळ बसून राहिले. आक्काला व्हरांड्यात पाठवून त्यांनी मला थांबवून घेतलं.

"तुम्हाला कशी वाटते?"

"बरी आहे की. तुम्हीच म्हणताय."

"मी नाही म्हणत. कागद म्हणतो." त्यांनी स्वेटरचं एक बटन काढलं आणि परत चुकीच्याच काजात घातलं. "प्रश्न संपायच्या आत उत्तर येतंय. झोप म्हटलं की ‘लागती की’. अहो, मला विचारलं झोप कशी लागते, तर मला आत जाऊन बघून यावं लागतं. काल लागली का, परवा काय झालं. त्याला वेळ जातो. तुमच्या आक्का आत जातच नाहीत. दारातनंच सांगतात."

मला ऐकायचंच नव्हतं ते. चार हा आकडा मला फार आवडला होता.

"आणि चालताना," ते म्हणाले, "बावीसवर होत्या तेव्हा पेरूच्या झाडापाशी एकदा थांबल्या होत्या. आज थांबल्याही नाहीत."

पुढच्या खेपेला, म्हणजे पंधरा नाही, चारच दिवसांनी बोलावलेल्या खेपेला, ते दारात उभे राहिले नाहीत. आत टेबलाच्या अलीकडं, पेशंटच्या खुर्चीत बसलेले होते. आक्काला त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं. ती बसेना. "आवो, न्हाय न्हाय, ती तुमची खुडची." "बसा आक्का, आज मला बरं नाही." मग ती टोकावर बसली. डॉक्टरांनी कागद तिच्यापुढं सरकवला. आक्का सातवीपर्यंत शिकलेली. वाचता चांगलं येतं तिला.

"आज तुम्ही विचारा. मी सांगतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग कागदाकडं. "कशात मन लागतं का?" तिनं छापलेलं सोडून आमचं वाक्य विचारलं. तिला ते पाठ झालेलं होतं.

डॉक्टर खिडकीकडं बघत राहिले. वेलाची सावली त्यांच्या कपाळावर हलत होती. बाहेर कुठंतरी लष्कराच्या मैदानात कवायतीची शिटी वाजली, थांबली. मला वाटलं ते प्रश्न विसरले. मग म्हणाले, "सकाळी नाही लागत. अकराच्या पुढं, दोनतीन माणसं बघून झाली की थोडं लागतं. बरेच दिवस, असं लिहा."

आक्कानं पेन उचललं, ठेवलं. "झोप?"

पुन्हा तेवढाच वेळ. "पहाटे जाग येते. मग नाही. रोजच."

असं एकेक चाललं. तो हिरवा उजेड, ते सावकाश येणारे शब्द. मला वाटत होतं आम्ही तिघं कुठंतरी खोल बसलेलो आहोत आणि वरून कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही. घराला भार झालाय असं वाटतं का, या प्रश्नाला ते म्हणाले, "घरी मी एकटाच. पण भार वाटतो. कुणाला, ते सापडलं नाही." शेवटचा प्रश्न आला. आक्कानं तो मनात वाचला आणि कागद खाली ठेवला.

"विचारा."

"ह्यो नगो."

"विचारा, आक्का. मी वाट बघतोय."

तिनं विचारला. कागदाकडं बघत, अगदी हळू. डॉक्टर आत गेले आणि परत आले. "जीव द्यावा असं नाही. पण जगणं नकोसं, ते मधनं मधनं."

"आवो!" आक्का उभीच राहिली. "आसं काय बोलताय? तुमी डाक्टर न्हवं? लोकं तुमच्याकडं बगून जगत्यात आन् तुमी…" तिचा आवाज चढलेला मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "आन् कुनाला सांगितलंय का ह्ये? का असंच आपलं स्वेटर घालून बसलाय?"

"धारवाडला माझे मित्र आहेत, ते माझं बघतात. गोळ्या घेतो. त्यांना खरं सांगतो, म्हणून इथं बसू शकतो." मग म्हणाले, "तुम्ही विचारलंत, बरं वाटलं."

आक्का बसली. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "मी हिरीकडं जायचं सोडलंय."

मला अर्थ कळायला एक क्षण लागला. डॉक्टरांना लागला नाही. ते पुढं झुकले. "कधीपासून?"

"झालं म्हयनाभर. धुनं हापशीवर न्हेते. ह्यास्नी सांगितलंय, पाय दुकतोय. हिरीच्या काटावर गेलं की मला…" ती थांबली. "म्हनून जात न्हाय."

"मग मला चार का सांगितलंत?"

आक्कानं वर पाहिलं. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "तुमी इतकं मन लावून इचारताय. दर बारीला तेच रडगानं कसं सांगायचं? तुमच्या औषदाला गुन न्हाय असं तोंडावर म्हनू व्हय? पावन्याला वाडलं आन् कसं झालंय इचारलं, तर आळनी हाय म्हनतंय का कोन?"

डॉक्टर मागं टेकले. मी त्यांना इतकं थकलेलं आणि इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. "खरं आहे," ते म्हणाले. "मी पंगत वाढत होतो."

त्या दुपारी पुन्हा बेरीज झाली, सावकाश, एकेक प्रश्नाला आत जाऊन. ती किती आली ते मी सांगत नाही. चढलेली होती, एवढंच. औषध बदललं. दाजींना आत बोलावून डॉक्टरांनी सगळं उघड सांगितलं. एकटं सोडायचं नाही, गोळ्या दाजींच्या ताब्यात, चार दिवसांनी परत यायचं, आणि मधे कधीही वाटलं तर लगेच आणायचं. दाजी खुर्चीचा हात धरून ऐकत होते. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ते आक्काला म्हणाले, "अगं, पाय दुकतोय म्हनून म्या तेल आनून ठेवलं की." दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीच्या वाटेला काट्याचं कुंपण घातलं आणि धुणं स्वतः हापशीवर न्यायला लागले. गाव हसलं. हसू देत, म्हणाले.

उतार यायला वेळ लागला, आणि तो सरळ आला नाही. खाली, वर, परत खाली. पण आता तिची उत्तरं उशिरा येत. एकदा बाजारात डॉक्टर तिच्यासमोरून आभाळ बघत निघून गेले. पुढच्या खेपेला तिनं त्यांना बसू दिलं नाही, आधीच सुनावलं: "वळक न्हाय दिली तुमी मला. एवडी रताळी खाल्लीसा!" डॉक्टर एवढे हरखले की त्यांनी कागद बाजूला सारून मला हाक मारली. "ऐकलंत? आक्का भांडल्या!" मग त्यांनी न ओळखण्यामागचं कारण तिला सांगितलं. तिनं ते ऐकलं, पटवून घेतलं, आणि तरी म्हणाली, "पर वाईट वाटतं की वो." डॉक्टरांनी मान डोलावली.

गेल्या वर्षी, थंडी संपता संपता, डॉक्टर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. स्मशानात मी गेलो तेव्हा पुष्कळ माणसं आलेली होती, पण कुणी कुणाजवळ उभं नव्हतं. वकील, शिक्षक, नंदगडकडचे शेतकरी, निपाणीची ती बाई, सगळे झाडांच्या बुंध्यांना धरून एकेकटे. कुणी कुणाला ओळख देत नव्हतं. बरेचजण वर आभाळाकडं बघत होते. मीही बघितलं. वर काही नव्हतं. एक घार फार उंचावर फिरत होती.

मग मला बेळगुंदीला जायचं होतं. आक्काला फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. वाटेवर मी गाडी दोनदा थांबवली. दुःख झालं की माणूस रडणारच, जेवणार नाही, पहाटे उठून बसेल; ते शोकाचं आहे की आजार परत आला आहे, हे मी कशावरून ओळखू? डॉक्टर असते तर म्हणाले असते, विचारा. पण मला तिच्या उत्तराची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त ‘बरं हाय’ची.

ती अंगणात रताळी निवडत बसली होती. ओल्या मातीचा वास होता. दाजी म्हशीपाशी. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. तिनं हातातलं रताळं बाकीच्यांत ठेवलं, मग परत उचललं, अंगठ्यानं त्याच्यावरची माती काढत राहिली. कोंबड्या पायांमधनं फिरून गेल्या. ऊन भिंतीवरून थोडं खाली उतरलं. ती रडली नाही. मी विचारायला तोंड उघडलं आणि मला एकही शब्द सापडेना, मीच शोधलेले सगळे शब्द असून.

"मी जानार हुते त्यांच्याकडं," ती शेवटी म्हणाली. "ह्या सोमवारी."

"तारीख तर पुढची होती."

"तारीक ऱ्हाऊ दे. गेलं आट दिवस परत आलंय रं. त्ये गेलं म्हनून न्हवं. त्येच्या आदीचंच. सकाळी उटवत न्हाय. त्यास्नी सांगायचं हुतं." तिनं रताळं पाटीत टाकलं. "आता कुनाला सांगू?"

दाजी म्हशीला थोपटायचे थांबले होते.

"मला सांग," मी म्हणालो.

"तुला सांगून काय? तू रडशील." खरंच होतं. मी रडतच होतो. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, सावकाश. हौदापाशी जाऊन हात धुतले, केसांवरनं पाणी फिरवलं, आणि आतनं चप्पल घालून आली. "गाडी काड. गावात दुसरी डाक्टरीन हाय न्हवं, तिच्याकडं न्हे."

दाजी सोबत मागं बसले. शहर येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती, आणि त्यांच्यावर दुपारचा पातळ धूर. मी गाडी चालवता चालवता फोन लावून वेळ मागून घेतली. कॅम्पातलं घर बंद होतं. ही दुसरी डॉक्टर बाजारपेठेकडं, नवीन इमारतीत.

"कशी हाय?" आक्कानं विचारलं.

"तरुण आहे. चांगली आहे म्हणतात."

"मराटी येतं?"

"थोडं. कन्नड जास्त."

ती खिडकीतनं बघत राहिली. मागून दाजी म्हणाले, "मग तुज्या भावाला बोलू दे की. त्यो सांगंल नीट."

"त्याला काय म्हायती?" आक्का म्हणाली. "माजं मी सांगनार." आणि थोड्या वेळानं मला, "सकाळी उटवत न्हाय, कन्नडमदी कसं म्हनायचं रं?"

मी सांगितलं. तिनं ते ओठांत घोळवलं, दोनदा चुकली, मग बरोबर म्हणाली. बाजारातलं कन्नड तिला येत होतं, पण ते भाव करायचं; हे वाक्य तिनं आजवर कुणाला म्हटलेलं नव्हतं. मग तिनं दुसरं विचारलं, जेवणाबद्दलचं. मग तिसरं, कागदावरच्या शेवटच्या प्रश्नाचं. ते विचारताना तिनं दाजींचा हात मागं चाचपला आणि धरला.

शहराची घरं दिसायला लागली. ती पुटपुटत होती, जुळवत होती, मधेच थांबून आत काहीतरी बघून येत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढं जाऊ लागल्या. मी आणखी सावकाश चालवायला लागलो. तिचं वाक्य पुरं व्हायचं होतं.